'लेडीज' हे माप नव्हे!

सायकलच्या दुकानात बाई गेली की तिला दोनच प्रश्न विचारले जातात. लेडीज पाहिजे का, आणि रंग कुठला? तिची उंची किती, पाय किती लांब, हात कुठवर पोचतात, कॅरिअरवर काय वाहणार, हे कुणी विचारत नाही. ब्लाउज शिवायला टाकताना शिंपी छाती, कंबर, खांदा, मुंढा, बाही, उंची अशी सहा मापं घेतो. ते ब्लाउज फार तर दोन-तीन वर्षं टिकतं. ज्या सायकलवर पुढची दहा वर्षं शाळेला, कामाला, दवाखान्याला जायचं, तिच्यासाठी मात्र टेप खिशातून बाहेर निघत नाही. आणि सायकल बसली नाही की दोष कुणाचा? बाईच्या अंगाचा! "तुमची उंचीच कमी आहे हो ताई." "पोरगी भित्री आहे, तिला जमायचं नाही."

मैत्रिणींनो, या 'जमायचं नाही'बद्दल मला भांडायचं आहे.

मी लोणी देवकरची. उंची १४० सेंटिमीटर, म्हणजे चार फूट सात इंच. लहानपणी पोलिओ झाला, त्यामुळे डावा पाय उजव्यापेक्षा पाऊण इंचाने आखूड. पाय आखूड पण धड लांब, अशी माझी बांधणी. दुकानदारांच्या भाषेत मी 'अवघड गिऱ्हाईक'. तरी बैठकांना, बँकेत, बाजाराला मी सायकलवरच जाते. त्यासाठी मला जे शिकावं लागलं, त्यातून एक गोष्ट लख्ख कळली. माझं शरीर वेगळं आहे हे खरं, पण ज्यांचं शरीर अगदी चारचौघींसारखं आहे, त्यांनाही दुकानातली सायकल बसत नाही. फरक इतकाच की त्या निमूट सोसतात. माझ्याकडे सोसायचा पर्यायच नव्हता. माझा पाय पायडलला पोचतच नव्हता.

हे मी हवेत बोलत नाही, हिशेब मांडते.

आपण '२४ ची सायकल', '२६ ची सायकल' म्हणतो तो चाकाचा नंबर. फ्रेमचं माप वेगळं. क्रँक ज्या मधल्या आसाभोवती फिरतो, तिथून सीटच्या उभ्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची लांबी म्हणजे फ्रेम. शरीराशी पहिला संबंध याच मापाचा येतो. दुकानात चाकाचा नंबर सगळे सांगतात, फ्रेमचा क्वचितच कुणी.

आता आपलं माप घेऊ. भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं. दोन पायांच्या मध्ये, अगदी वरपर्यंत, एक जाड वही आडवी धरायची आणि जमिनीपासून वहीच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर मैत्रिणीला मोजायला सांगायचं. ही झाली पायाची आतली लांबी. तिला ०.८८ ने गुणायचं. जो आकडा येईल, साधारण तेवढं अंतर मधल्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत असावं. शर्यतीचे सायकलस्वार अनेक वर्षं हाच आडाखा वापरतात. तो काही देवाचा शब्द नाही, पण सुरुवातीला पुरेसा आहे.

आपल्या देशातली प्रौढ बाई सरासरी सुमारे १५२ सेंटिमीटर उंच, पुरुष सुमारे १६५. बाईच्या पायाची आतली लांबी ६९ सेंटिमीटर धरू, पुरुषाची ७५. गुणाकार केला तर तिला सीट ६१ सेंटिमीटरवर हवी, त्याला ६६ वर. गावोगाव दिसणारी जुन्या बांधणीची २२ इंची फ्रेम म्हणजे ५६ सेंटिमीटर. तिच्यावर स्प्रिंगवाली सीट अगदी खाली बसवली तरी १० सेंटिमीटर वाढतात. झाले ६६. सरासरी पुरुषाला नेमकी! सरासरी बाईला पाच सेंटिमीटर उंच. २० इंची घेतली तर सरासरी बाई कशीबशी बसते, तीही सीट तळाला टेकवून. पण सरासरी म्हणजे काय? जवळजवळ अर्ध्याजणी त्याहून बुटक्या. त्यांनी काय करायचं? माझ्या उजव्या पायाची आतली लांबी ६२. मला सीट साडेचोपन्नच्या आसपास हवी, म्हणजे फ्रेम १७ इंचांच्या वर चालणारच नाही.

तर 'अवघड गिऱ्हाईक' कोण? ज्या देशात निम्म्या बायांना नेहमीची फ्रेम बसत नाही, तिथे बायांचं शरीर जगावेगळं म्हणायचं की फ्रेम?

इथे कुणी म्हणेल, म्हणून तर लेडीज सायकल काढली! ही लेडीज सायकल कशी जन्माला आली तेही पाहू. १८८५ मध्ये इंग्लंडात स्टार्लीने दोन सारख्या चाकांची, साखळीची 'सेफ्टी' सायकल बाजारात आणली. आजच्या सायकलीची ती आजी. तिची वरची आडवी दांडी पुढे काही वर्षांतच बायांसाठी खाली वाकवण्यात आली. कारण उंची नव्हे, पायांची लांबीही नव्हे. कारण होतं युरोपातल्या बायांचा घोळदार लांब झगा. तो दांडीवर अडकू नये आणि घोटा दिसू नये एवढ्यासाठी लोखंड वाकवलं. म्हणजे 'लेडीज' हे माप कपड्याचं आहे, शरीराचं नाही. आमची आजी नऊवारीचा कासोटा घालून बैलगाडीवर चढत होती, विहिरीत उतरत होती. तिला दांडीची अडचण पडली नसती. तिला सायकल कुणी दिलीच नाही, हा भाग निराळा. लग्नात सायकल, घड्याळ, रेडिओ द्यायची चाल आपल्याकडे होती. पैसे मुलीच्या बापाचे, सायकल जावयाच्या मापाची.

शिवाय दांडी वाकवली की किंमत मोजावी लागते. सायकलची ताकद तिच्या नळ्यांच्या त्रिकोणात असते. वरची बाजू खाली ओढली की त्रिकोण ढिला पडतो. मग जाड नळी घालून वजन वाढवा, नाहीतर ओझ्याखाली सायकल डोलू द्या. आणि आपल्याकडे ओझं कोण वाहतं? गवताचा भारा, दुधाची किटली, रेशनची पिशवी, मागे एक पोर. जिच्या कॅरिअरवर जास्त भार, तिलाच डोलणारी सायकल!

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९१-९२ च्या सुमारास साक्षरता चळवळीच्या कार्यकर्त्यांनी हजारो ग्रामीण बायांना सायकल शिकवली. शीला राणी चुंकत तेव्हा तिथल्या कलेक्टर होत्या. लेडीज सायकली पुरेनात, म्हणून बायांनी दांडीच्या सायकली घेतल्या. त्यावर पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहिलं, त्यात एक बारकावा आहे. अनेक बायांना दांडीचीच बरी वाटली, कारण सीट आणि हँडलच्या मधल्या दांडीवर मूल बसवता येतं. बघा, बायांना विचारलं तर उत्तर वेगळं आलं. पण विचारायचं कुणी?

मापात नसलेली सायकल काय करते ते आता पाहू. सीट उंच असेल तर प्रत्येक पायडलला कंबर डावी-उजवीकडे झुलते, आठवड्याभरात पाठ आणि जांघ धरते. सीट फारच खाली असेल तर गुडघा पूर्ण सरळ होत नाही, सगळा जोर गुडघ्याच्या वाटीवर येतो. हँडल लांब असेल तर मनगटं सुन्न होतात, मान अवघडते. जवळ असेल तर वळताना गुडघा हँडलला आपटतो. हे दुखणं उंच मुलींचं. पाच फूट आठ इंचांची मुलगी लहान लेडीज सायकलवर चारी बाजूंनी दुमडून बसते आणि लोक हसतात. तीही आपलीच.

आमचं गाव पुणे-सोलापूर हायवेवर. चौपदरी रस्ता, कडेने सर्व्हिस रोड, एमआयडीसीच्या गाड्या, आणि दिवाळीपासून पुढे चार-पाच महिने उसाच्या ट्रॉल्या. उसाने फुगलेली डबल ट्रॉली जवळून गेली की बाईला सायकल थांबवून पाय टेकवता आला पाहिजे. पाय टेकला नाही तर ती पडणार, आणि कुठल्या बाजूला पडणार हे तिच्या हातात नाही. एकदा अशी पडली की घरचे म्हणतात, पुरे झाली सायकल. दहावीतली पोरगी घरी बसते, आणि शाळेच्या दाखल्यावर कारण म्हणून 'फ्रेम दोन इंच मोठी' असं कुणी लिहीत नाही.

आणखी एक दुखणं आहे, ज्याबद्दल आपण आपापसातही बोलत नाही. सीटचं लांब टोक जांघेत रुतणं, सुन्न होणं, लघवीला आग होणं, पाळीच्या दिवसांत घासून कातडं सोलवटणं. हे दुकानदाराला कसं सांगायचं? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणतो चालवू नको. वास्तविक उपाय साधा आहे. बसताना आपलं वजन मांसावर नव्हे, कुल्ल्यांच्या खालच्या दोन हाडांवर आलं पाहिजे. बाईच्या कटीची रचना पाहता ही हाडं सहसा पुरुषापेक्षा जास्त अंतरावर असतात. अरुंद सीटवर ती दोन्ही बाजूंना लोंबतात आणि सगळा भार मधल्या नाजूक भागावर येतो. मागे रुंद आणि पुढे आखूड टोकाची सीट घ्यायची. तीही ढगासारखी मऊ नको. हाडं त्यात बुडतात आणि मधला भाग पुन्हा दाबला जातो. सीट सपाट बसवायची, फार तर टोक केसभर खाली. पण हे सांगणार कोण? सायकलने 'मुलीचं कौमार्य जातं' अशी भीती घालायला ज्यांना लाज वाटली नाही, त्यांनी सीटबद्दल बोलायची लाज मात्र आपल्या पदरात बांधली.

आता सरकारकडे वळू. मुलींना सायकल देणं ही चांगलीच गोष्ट आहे, त्यात वाद नाही. बिहारने २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. माध्यमिक शाळेत वयानुसार दाखल होणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, मुलगे आणि मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली. सर्वांत जास्त फरक पडला तो शाळा तीन किलोमीटरपेक्षा लांब असलेल्या गावांत. एक सायकल एवढं करते! महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी मदत मिळते. २०२२ मध्ये ती साडेतीन हजारांवरून पाच हजार झाली. जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण समित्याही सायकली देतात.

माझा प्रश्न एवढाच. आठवीतली चार फूट चार इंचांची मुलगी आणि बारावीतली पाच फूट सहा इंचांची मुलगी, दोघींना एकच सायकल कशी बसेल? एका रांगेत उभ्या केलेल्या एका रंगाच्या सायकली, पाहुण्यांच्या हातात चावी, फोटो. फोटोत सगळ्या सायकली सारख्या दिसतात, आणि तीच तर अडचण आहे. मुली सारख्या नाहीत.

मापं घेणं परवडत नाही म्हणतात. २०२४ मध्ये 'एक राज्य एक गणवेश' म्हणून शाळांना तयार कपडे पाठवले, ते मुलांना मापात बसेनात. पालक बोलले, शिक्षक बोलले, वर्तमानपत्रांनी लिहिलं. वर्षअखेरीला तो निर्णय फिरला आणि गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. सैल चड्डीसाठी शासन निर्णय बदलू शकतो, तर पायाला न पोचणाऱ्या पायडलसाठी का नाही? कारण सैल चड्डी दिसते. न बसणारी सायकल गोठ्यात उभी राहते किंवा मोठा भाऊ घेऊन जातो. भावाला ती बसते ना!

दिव्यांग बायांचं तर विचारूच नका. आमच्यासाठी एकच उत्तर ठरलेलं: हाताने ओढायची तीनचाकी. ज्यांना ती हवी त्यांना ती मिळालीच पाहिजे. पण पाय आखूड म्हणजे पाय निकामी, हे कुणी ठरवलं? दिव्यांग हक्कांचा २०१६ चा कायदा बुटकेपणालाही दिव्यांगत्व मानतो आणि 'वाजवी सोय' करून द्यायला सांगतो. १७ इंची फ्रेम आणि आखूड क्रँक ही माझी वाजवी सोय आहे. ती मागणं म्हणजे लाड नव्हेत.

मग काय बायांसाठी वेगळी फ्रेम मागायची? इथे सावध राहायला हवं. अमेरिकेत जॉर्जिना टेरी या बाईने १९८५ मध्ये खास बायांच्या मापाच्या सायकली करणारी कंपनी काढली. लहान फ्रेमवर हँडल फार लांब जाऊ नये म्हणून तिने काही सायकलींचं पुढचं चाक लहान ठेवलं. तिने शरीर पाहून लोखंड वाकवलं, झगा पाहून नव्हे. पण पुढे बाजाराने त्याचं काय केलं? तीच फ्रेम, गुलाबी रंग, फुलांचं स्टिकर, पुढे टोपली, आणि 'फॉर हर'. बायांचे पाय लांब आणि धड आखूड असतं, अशी एक समजूतही पसरली. माझं नेमकं उलटं आहे. बाई-बाईत जेवढा फरक असतो त्याच्यापुढे बाई-पुरुषांतला सरासरी फरक थोडा, हे आता काही मोठ्या कंपन्याही मान्य करतात. म्हणून मागणी 'लेडीज'ची नको, मापांची हवी. चपलेला नंबर असतो तसा फ्रेमला नंबर, आणि प्रत्येक नंबर दुकानात. बुटक्या पुरुषाचंही त्यात भलं आहे.

माझी सायकल कशी जमली ते थोडक्यात सांगते, कुणाला उपयोगी पडेल म्हणून. २४ इंची चाकांची, लहान फ्रेमची, दांडी उतरती असलेली सायकल घेतली. पण फ्रेम लहान म्हणजे हँडल जवळ, आणि माझं धड लांब. म्हणून सीट तिच्या पट्टीवर मागे सरकवली आणि हँडल पुढे नेणारी लांब मान बसवली. नेहमीचा क्रँक १७० मिलिमीटरच्या आसपास असतो. माझ्या पायाला त्याने गुडघा पोटाला लागे. लहान मुलांच्या सायकलीचा १५० चा क्रँक घातला. डाव्या पायडलवर लाकडी ठोकळा पक्का बोल्ट केला, तोही पाऊण इंचाचा नाही, अर्ध्या इंचाचा. उरलेला फरक घोटा सांभाळून घेतो. सीट आखूड पायाच्या हिशेबाने लावली. टाच पायडलवर ठेवून पायडल सर्वांत खाली नेलं की गुडघा सरळ होतो आणि कंबर हलत नाही, ही शेवटची परीक्षा. सायकलवाल्याने आधी नाक मुरडलं, मग त्यालाच त्यात रस वाटू लागला. आता तो दुसऱ्या बायांना विचारतो, "आक्का, पाय मोजू का?"

हे एकीने केलं तर हौस, पन्नासजणींनी केलं तर मागणी. म्हणून गटांना माझं सांगणं आहे. पुढच्या बैठकीत एक टेप, एक जाड वही आणि एक कोरा कागद घेऊन बसा. प्रत्येकीची उंची, पायाची आतली लांबी आणि हाताची लांबी लिहा. घरातल्या सायकलीची फ्रेमही मोजा. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडले की भाषणाची गरज उरणार नाही. तो कागद घेऊन शाळा व्यवस्थापन समितीत जा, ग्रामसभेत जा, महिला व बालकल्याण समितीच्या सभापतींना भेटा. मागण्या चारच आहेत. सायकल देण्याआधी प्रत्येक मुलीचं माप घ्या. निविदेत किमान तीन फ्रेम-मापं आणि दोन क्रँक-मापं लिहा. दिव्यांग मुलीला सायकलीत बदल करून घ्यायला वेगळी रक्कम द्या. आणि वर्षभराने नुसत्या वाटलेल्या सायकली मोजू नका, चालणाऱ्या मोजा.

'आता स्कूटी आली, सायकलचं कुठे घेऊन बसलात' असं म्हणणारे भेटतील. त्यांना विचारा, घरातल्या स्कूटीची चावी कुणाच्या खिशात असते? पेट्रोलचे पैसे कोण मोजतं? आठवीतल्या मुलीला लायसन कोण देणार? सायकलला यातलं काही लागत नाही. तिला फक्त तिच्यावर बसणारीचं माप लागतं. ते एका टेपने, दोन मिनिटांत, फुकट घेता येतं.